उबेचा जमाखर्च

पाडव्याला नवी वही पुजताना आपण तिच्यात जमा आणि खर्च अशा दोन बाजू आखतो. घरच्या पोहण्याच्या तलावालाही अशीच एक वही असते. फक्त तिच्यात रुपयांऐवजी उष्णता मांडावयाची. ही वही न उघडताच पाणी तापवण्याचे यंत्र विकत घेणे म्हणजे भोक न बुजवता रांजण भरत बसणे होय!

तलाव ही काही प्रत्येकाच्या घरची चैन नव्हे, हे मी जाणतो. पण पुण्यास बाणेरकडे माझ्या भाच्याने बंगल्यामागे तो बांधला आहे, आणि त्याची खरी गरज आहे आमच्या ताईला. वय ७२, गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलेले. दिवाळी सरली की पाणी गार पडते आणि ताईचे चालणे थांबते.

“मामा, हीटर केवढा घेऊ?” भाच्याने विचारले.

“आधी वही उघडू,” मी म्हणालो.

तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल. म्हणजे ४०,००० लिटर पाणी. एक लिटर पाणी एक अंश सेल्सियसने तापवण्यास एक किलोकॅलरी लागते, आणि विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. तेव्हा सारा तलाव एका अंशाने तापवावयाचा, तर सुमारे ४६ युनिटे हवीत.

आता खर्च पाहू. माठातले पाणी गार का होते? बाहेर झिरपलेले पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जाते. तलावाचे उघडे पाणीही तेच करते. एक लिटर पाणी उडताना सुमारे ५८० किलोकॅलरी नेते. किती उडाले, हे साधी बादली सांगते. तीत तलावाचेच पाणी भरून, काठ वर राहील अशी ती पायरीवर ठेवावी, आतून पातळीची खूण करावी आणि २४ तासांनी पाहावे. आमच्या बादलीतले पाणी ५ मिलिमीटर उतरले. तलावाच्या ३२ चौरस मीटरांवर हे १६० लिटर झाले, आणि उष्णता १०८ युनिटे! (तलाव बादलीहून अधिक उतरला, तर मात्र गळती शोधावी.)

उघड्या तलावाच्या एकूण खर्चात या वाफेचा वाटा ढोबळमानाने ७० टक्के असतो. सुमारे २० टक्के उष्णता आकाशाकडे निघून जाते. उरलेली हवा, जमीन यांच्या वाट्याला येते. म्हणजे एकूण खर्च १५४ युनिटे.

जमेला एकटे सूर्यनारायण. पुण्याच्या निरभ्र हिवाळी दिवशी चौरस मीटरला साडेचार युनिटांच्या आसपास ऊन मिळते. त्यातले तीन-चतुर्थांश पाण्यात मुरले असे धरले, तर जमा १०८. तूट ४६ युनिटांची, म्हणजे दिवसाला एक अंश! पाणी गार होत जाते तसा खर्चही घटतो आणि जमाखर्च जुळेल तेथे तापमान स्थिरावते. पण तोवर ताईंनी पाण्याचा नाद सोडलेला असतो.

औषध सोपे निघाले. पाण्यावर तरंगणारे, बुडबुड्यांच्या प्लास्टिकचे आच्छादन संध्याकाळी घालावयाचे आणि सकाळी ऊन आल्यावर काढावयाचे. वाफेचा खर्च निम्म्याने जरी घटला, तरी ५४ युनिटे वाचतात, आणि आपली तूट तर ४६चीच! ढगाळ किंवा वाऱ्याच्या दिवशी हिशेब बिघडेल, हे खरे. त्यासाठी हीट पंप जरूर घ्यावा. हवेतली उष्णता ओढून तो विजेच्या एका युनिटात चार-पाच युनिटांची ऊब देतो. पण आच्छादन आधी घेतले, तर तो पुष्कळ लहान पुरतो.

मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे. पाण्यात उतरण्यापूर्वी आच्छादन संपूर्ण काढावे, आणि ते घातलेले असताना लहान मुलांना काठाशी एकटे सोडू नये. ऊब वाचवावी खरी. पण तिच्यापायी जिवाला घोर नको.