उष्णता-पंपाची कार्यक्षमता आणि घराची रचना

उष्णता-पंप उष्णता निर्माण करीत नाही. विद्युत्-शक्ती खर्चून तो ती थंड बाजूकडून उष्ण बाजूकडे नेतो. विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) यांनी १८५२ साली ही कल्पना मांडली. १९३८ साली झुरिचमधील राटहाउस या इमारतीस लिमाट नदीच्या पाण्यातील उष्णता अशाच यंत्राने मिळू लागली.

मिळालेली उष्णता व खर्चिलेले कार्य यांच्या गुणोत्तरास कार्यगुणांक म्हणतात. कार्नोच्या सिद्धांतानुसार त्याची कमाल मर्यादा म्हणजे उष्ण बाजूचे निरपेक्ष तापमान भागिले दोन्ही बाजूंच्या तापमानांतील अंतर. बाहेर ०° सें. असता घरास ५५° सें.चे पाणी पुरवावयाचे झाल्यास ही मर्यादा ३२८ ÷ ५५, म्हणजे सुमारे ६ येते, ३५° सें.चे पाणी पुरेसे असल्यास ३०८ ÷ ३५, म्हणजे ८·८. प्रत्यक्ष यंत्रे या मर्यादेच्या बरीच खाली राहतात. तथापि अंतर घटताच गुणांक वाढतो, हा नियम त्यांनाही लागू आहे.

सारांश, सुधारणेचा आरंभ यंत्रापेक्षा घरापासून होणे इष्ट होय. भिंती व छप्पर यांचे उष्णतारोधन केले, फरशीखाली नळ्यांचे विस्तीर्ण जाळे घातले, की कोमट पाणीही पुरते. उन्हाळ्यात प्रवाह उलटवून हेच यंत्र घर थंड करते. तेव्हाही पाणी ७° ऐवजी १८° सें.चे चालल्यास वीज वाचते. मात्र कोकणासारख्या दमट प्रदेशात हवेतील बाष्प काढण्यास अधिक थंड पृष्ठ लागते. तेथे आर्द्रतेचा प्रश्न स्वतंत्रपणे सोडविल्यावाचून हा लाभ पदरात पडणार नाही.