घराचा राडारोडा जातो कोठें?



गेल्या वर्षीं आमच्या चिंचवडच्या बिऱ्हाडांत स्वयंपाकघराची फरशी बदलण्याचें काम निघालें. जुनी फरशी तांबूस रंगाची व पिवळ्या ठिपक्यांची होती. तीस वर्षें तिनें आमच्या घरची सेवा केली होती. गवंड्यानें ती फोडली, बिगाऱ्यांनीं सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत भरली, आणि सायंकाळीं एक टेंपोवाला तीं पोतीं घेऊन गेला. त्यानें भाडें सांगितलें, तें मीं दिलें. "हें कोठें टाकणार?" असें विचारण्याचें मला सुचलेंहि नाहीं. चार दिवसांनीं सकाळच्या फेरफटक्यांत पवनेच्या कांठीं एका ढिगापाशीं माझे पाय थबकले. त्या ढिगांत पिवळ्या ठिपक्यांचे तांबूस तुकडे पडलेले होते. ते मीं तत्काल ओळखले. टेंपोवाल्यास दोष देणें सोपें होतें. परंतु फरशी माझी, पैसे माझे आणि न विचारण्याचा आळसहि माझाच. आयुष्यभर वर्गांत मुलांना स्वच्छतेचे धडे देणाऱ्या माणसाचा हा पराक्रम! त्या दिवसापासून या विषयाचा थोडाबहुत अभ्यास करावा असें मनानें घेतलें. मी स्थापत्यशास्त्रज्ञ नव्हे, साधा मॅट्रिक झालेला शाळामास्तर आहें. तेव्हां जें मला समजलें, तेवढेंच आपणांस सांगतों.

बांधकामांतून, दुरुस्तींतून अथवा पाडकामांतून जो विटा, सिमेंट, खडी, फरशी, माती, सळई व लांकूड यांचा ढीग निघतो, त्याला आपल्याकडे राडारोडा म्हणतात. तो किती निघतो याचा अंदाज टायफॅक या केंद्रीय संस्थेनें २००१ मध्यें प्रसिद्ध केला आहे. नवें बांधकाम करतांना दर चौरस मीटरामागें ४० ते ६० किलो, दुरुस्ती करतांना ४० ते ५० किलो, आणि इमारत पाडतांना ३०० ते ५०० किलो राडारोडा होतो. आतां ६० चौरस मीटरांचें एक मध्यम घर घेऊन गणित करूं. तें बांधतांना २,४०० ते ३,६०० किलो माल वाया जातो. संपूर्ण दुरुस्तींत २,४०० ते ३,००० किलो. आणि तेंच घर पाडलें तर १८,००० ते ३०,००० किलो, म्हणजे १८ ते ३० टन. एक घर पाडल्यानें जो ढीग होतो, तो सुमारें आठ नवीं घरें बांधतांना होणाऱ्या ढिगाएवढा असतो. हा आंकडा ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सारें विवेचन त्यावर उभें आहे.

आमच्या पिंपरी-चिंचवडला हें गणित आतांच कां लागूं पडतें, हें समजण्यासाठीं या नगराचा इतिहास थोडक्यांत पाहिला पाहिजे. चिंचवड हें मोरया गोसावींच्या समाधीचें क्षेत्र; पिंपरी, आकुर्डी, भोसरी हीं शेतकऱ्यांचीं गांवें. १९५४ मध्यें पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्यें राज्याचें औद्योगिक विकास महामंडळ निघालें व त्याच्या वसाहतीनें येथील माळरान भरून गेलें. १९७० मध्यें नगरपालिका, १९७२ मध्यें नवनगर प्राधिकरण आणि १९८२ मध्यें महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या शिरगणतींत लोकवस्ती १७ लाखांच्या वर गेली होती. पुढें हीच लाट इंद्रायणी ओलांडून चाकणपर्यंत पोंचली. म्हणजे जें इतर नगरांत दोनशें वर्षांत घडतें, तें येथें दोन पिढ्यांत घडलें. आतां पहिल्या पिढीच्या इमारती जुन्या झाल्या आहेत. त्या पाडून त्यांच्या जागीं उंच इमारती उभारण्याचे बेत, ज्यास पुनर्विकास म्हणतात, ते सोसायट्यांच्या सभांतून चालले आहेत. आजवर आपण बांधतांनाचा राडारोडा पाहिला; यापुढें पाडतांनाचा पाहावयाचा आहे, आणि तो आठपट आहे.

हा माल जातो कोठें? रीतसर न गेला तर तो ओढ्यांत, नदीच्या पात्रांत अथवा मोकळ्या जागीं जातो. येथें पवना, इंद्रायणी व मुळा अशा तीन नद्या आहेत. नदीचें पात्र म्हणजे नुसती वाहत्या पाण्याची वाट नव्हे. पुराच्या वेळीं पाण्यास पसरावयास लागणारी जागा हीहि नदीचीच. त्या जागेवर एकेक टेंपो रिकामा होत गेला, कीं कांठ उंचावतो, पात्र आकसतें आणि तेंच पाणी अधिक उंचीनें वाहूं लागतें. ज्यांचीं घरें सखल भागांत आहेत, त्यांच्या उंबऱ्यांत तें शिरतें. २५ जुलै २०२४ च्या पुरांत नदीकांठच्या वस्त्यांनीं जे हाल सोसले, त्यांचें सारें खापर राडारोड्यावर फोडतां येणार नाहीं. पाऊसहि तसाच झाला होता. परंतु पात्र आकसवून आपण संकटास हातभार लावतों, हें नाकारतां येत नाहीं.

दुसरी हानि डोळ्यांना दिसत नाहीं. फेंकलेल्या प्रत्येक पाटीमागें कोठेंतरी एक डोंगर वा नदी खर्ची पडलेली असते. सिमेंट तयार करण्यासाठीं चुनखडी भट्टींत सुमारें १,४५० अंश उष्णतेवर भाजावी लागते. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली, तर ५६ किलो चुना उरतो व ४४ किलो कर्बवायु आकाशांत जातो. हा वायु कोळशाच्या धुराहून निराळा. तो दगडांतूनच निघतो, म्हणून इंधन कितीहि सुधारलें तरी तो चुकत नाहीं. जगांतील एकूण कर्बवायूपैकीं शेंकडा सात-आठ भाग एकट्या सिमेंटचा आहे. वीट शेताच्या वरच्या सुपीक मातीची. वाळू नदीच्या पोटांतली, आणि ती उपसूं नये म्हणून दगड चुरून केलेली वाळू वापरावी तर त्यासाठीं टेंकडी फोडावी लागते. मोशीच्या दगडखाणी ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस हें निराळें सांगावयास नको.

आपले पूर्वज याबाबतींत काय करीत होते? जुना वाडा उतरविला, कीं त्याच्या तुळया, वासे, चौकटी व दारें नव्या घरांत जात अथवा जुन्या बाजारांत विकलीं जात. पडक्या गढीची पांढरी माती धाब्यावर पसरली जाई. विटाहि अखंड निघत, आणि याचें कारण मोठें मार्मिक आहे. चुन्याचा दर्जा विटेहून मऊ असल्यानें सांधा सुटतो व वीट शाबूत राहते. सिमेंटचा सांधा विटेहून कठीण, म्हणून वीट फुटते पण सांधा सुटत नाहीं. जें पक्कें म्हणून आपण बांधतों, तेंच पुन्हां वापरण्यास निकामी ठरतें! तथापि जुनें तें सारें सोनें, असें म्हणण्याचा माझा हेतु नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपांत माती-दगडाच्या जाड भिंतींखालीं किती माणसें गाडलीं गेलीं, हें महाराष्ट्र विसरलेला नाहीं. मजबुतीशीं तडजोड करून काटकसर करावयाची नसते. जुन्यांतून घ्यावयाची ती वृत्ति: वस्तु टाकण्यापूर्वीं तिचा दुसरा जन्म शोधण्याची.

हा दुसरा जन्म आज यंत्रानें देतां येतो. प्रथम माल निवडतात. मग जबड्यासारख्या यंत्रांत काँक्रीटचे तुकडे चुरतात. लोहचुंबक सळईचे तुकडे ओढून घेतो. चाळण्यांतून जाडी व बारीक खडी वेगळी होते. तिच्यापासून पदपथाच्या फरश्या व रस्त्याच्या कडेचे दगड घडवितात. मोशी येथें महानगरपालिकेनें असें केंद्र काढलेलें आहे. अशी खडी घराच्या काँक्रीटला चालेल काय, असें आपण विचाराल. भारतीय मानक ३८३ याच्या २०१६ च्या आवृत्तीनें तिला मर्यादित परवानगी दिली आहे. साध्या काँक्रीटमध्यें शेंकडा २५ पर्यंत. सळईच्या काँक्रीटमध्यें शेंकडा २० पर्यंत, तेंहि एम-२५ वा त्याहून खालच्या प्रतीच्या. आणि पायाखालच्या हलक्या काँक्रीटमध्यें संपूर्ण. ही मर्यादा कां? तर जुन्या खडीला जुना सिमेंटचा थर चिकटलेला असतो, तो पाणी शोषतो व बळ कमी करतो. मर्यादा पाळली, तर भीतीचें कारण नाहीं.

परंतु या साऱ्याचा पाया निवडण्यांत आहे. तांदळांत खडे मिसळले, कीं दोन्ही निकामी. वेगळे केले, कीं तांदूळ तांदूळ व खडे खडे. राडारोड्याचेंहि तसेंच. काँक्रीट, माती, विटा, व लोखंड-लांकूड-प्लॅस्टिक असे चार ढीग ठेवले तर प्रत्येकाला गिऱ्हाईक आहे. त्यांत पुठ्ठे, चिंध्या व रंगाचे डबे मिसळले तर तो नुसता कचरा होतो. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनीं, दिवसास २० टनांहून वा एका कामांत महिन्यास ३०० टनांहून अधिक राडारोडा करणाऱ्यांवर हें निवडणें बंधनकारक केलें, आणि काम सुरू करण्यापूर्वींच विल्हेवाटीची योजना मंजूर करून घेण्यास सांगितलें. एप्रिल २०२५ मध्यें नवे नियम प्रसिद्ध झाले. १ एप्रिल २०२६ हा त्यांच्या अंमलाचा दिवस ठरविण्यांत आला. २०,००० चौरस मीटर व त्यावरील बांधकामांच्या मालकांनीं आपला राडारोडा पुनर्वापरास लावण्याची जबाबदारी घ्यावी, असा त्यांचा रोख आहे. नियम मोठ्यांस बांधतात. आपल्यासारख्या लहान घरांना मुख्यतः आपली सदसद्विवेकबुद्धि बांधते.

मात्र राडारोड्याचें सोनें करण्यापेक्षां तो होऊंच न देणें शहाणपणाचें. केरळांत घरें बांधणारे लॉरी बेकर यांनीं विटा उभ्या रचून मध्यें पोकळी सोडण्याची भिंत लोकप्रिय केली. तींत सुमारें पाव विटा वांचतात आणि पोकळींतील हवेमुळें घर थंड राहतें. आपणहि खोलीचें माप फरशीच्या मापाशीं जुळवून घेतलें, तर कापलेल्या पट्ट्यांचा ढीग होत नाहीं. वीज व नळ यांच्या वाटा आधीं कागदावर ठरविल्या, तर गिलावा झालेली भिंत पुन्हां फोडावी लागत नाहीं. चाकणच्या कारखान्यांच्या लोखंडी शेडी पाहा: बोल्टांनीं जोडलेला सांगाडा उलगडून दुसरीकडे पुन्हां उभा करतां येतो. जें जोडून केलें तें सोडवितां येतें, जें ओतून केलें तें फोडावेंच लागतें. आणि सोसायटीच्या सभेंत पुनर्विकासाचा ठराव येईल, तेव्हां "खांब व पाया यांची तपासणी झाली काय? दुरुस्तीनें वीस वर्षें निभतील काय?" हा प्रश्न एकानें तरी उभें राहून विचारावा. इमारत खरोखर धोकादायक असेल, तर ती पाडलीच पाहिजे. नुसत्या वाढीव चटईक्षेत्राच्या मोहानें सुदृढ इमारत पाडणें ही उधळपट्टी होय.

सर्वांत मोठी नासाडी कोणती, हें आम्हांस मे २०२५ मध्यें दिसलें. चिखली येथें इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आंत बांधलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशावरून १७ मे रोजीं पाडण्यांत आले. सर्वोच्च न्यायालयांतूनहि त्यांस अभय मिळालें नाहीं. एका दिवसांत लोकांच्या कमाईचा राडारोडा झाला. त्या कुटुंबांविषयीं कोणास हळहळ वाटणार नाहीं? पण घराची पहिली काटकसर विटेंत नसून जागेच्या निवडींत आहे, हा त्यांतला धडा. जागा घेण्यापूर्वीं विकास आराखडा, पूररेषा व बांधकामाची परवानगी हीं तिन्ही स्वतः पाहावींत. विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबूं नये.

शेवटीं माझी गोष्ट पुरी करतों. यंदा आमच्या न्हाणीघराची दुरुस्ती निघाली. या खेपेस मीं काम सुरू होण्यापूर्वीं महानगरपालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयांत जाऊन राडारोडा कोठें पोंचवावयाचा हें विचारून घेतलें. दार व चौकट सुस्थितींत होती, ती बिगाऱ्यानें आपल्या घरासाठीं मागून नेली. नळ व लोखंड भंगारवाल्यानें विकत घेतलें. फुटक्या फरश्यांतल्या कांहीं गच्चीवरील कुंड्यांखालीं बसल्या. उरलेलीं पोतीं सांगितलेल्या जागीं गेलीं. टेंपोबरोबर मी स्वतः गेलों. भाडें मागच्याहून अधिक पडलें, हें लपवीत नाहीं. परंतु मागच्या खेपेस जे पैसे वांचले होते, ते वस्तुतः मीं वांचविलेलेच नव्हते. सखल भागांतल्या कोणा अनोळखी कुटुंबाच्या नांवावर मीं ते खर्ची घातले होते. आपल्या घरीं गवंडी येईल, तेव्हां भाडें ठरविण्यापूर्वीं टेंपोवाल्यास एवढेंच विचारावें: "हें कोठें टाकणार?"