सात ठोकळे आणि मिटलेले डोळे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. स्कूटरच्या अपघातात मनगट मोडलेला एक तरुण पंधरा दिवसांनी तपासणीसाठी आला होता. क्ष-किरण चित्रात हाड नेमके जागेवर बसलेले दिसत होते आणि मी समाधानाने पुढच्या तारखेची नोंद करीत होतो. निघताना तो दाराशी थांबला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हात बरा होतोय, पण डोळे मिटले की तो ट्रक अजून समोरून येतो." त्याला देण्यासाठी माझ्यापाशी धीराचे चार शब्द आणि झोपेची गोळी यांपलीकडे काही नव्हते. हाडाचे चित्र आपण काचेवर लावून पाहतो. पण मनात रुतलेल्या चित्राचे काय करावे, हे मला ठाऊक नव्हते.

या प्रश्नाच्या उत्तराकडे जाणारी एक वाट चक्क एका पोरखेळातून जाते, हे मला पुढे वाचनात आढळले. वरून पडणारे ठोकळे वळवून, सरकवून खाली सलग ओळ रचायची आणि ओळ पुरी झाली की ती नाहीशी व्हायची, असा तो खेळ. १९९०च्या दशकात आपल्याकडे 'ब्रिक गेम' नावाची हातात मावणारी यंत्रे आली, तेव्हा मुलांचा अभ्यास बुडतो म्हणून ती कपाटात दडवून ठेवणारे पालक आपल्यात अनेक असतील. या खेळाचे मूळ नाव 'टेट्रिस'.

या ठोकळ्यांची कुळकथा संगणकाहून जुनी नसली, तरी खेळाहून निश्चित जुनी आहे. १९५३ साली सॉलोमन गोलोम्ब या तरुण अमेरिकन गणितज्ञाने हार्वर्डच्या गणित मंडळापुढे व्याख्यान देताना समान चौरस कडेला कड जोडून होणाऱ्या आकृत्यांना 'पॉलिओमिनो' असे नाव दिले. चार चौरसांच्या आकृत्या म्हणजे 'टेट्रोमिनो'. त्या पाचच होतात. चारही चौरस एका रांगेत मांडले की काठी. दोन-दोनच्या दोन रांगा एकावर एक ठेवल्या की चौकोनी वीट. तीन चौरसांच्या रांगेत मधल्याला चौथा जोडला की इंग्रजी 'टी'. टोकाच्या चौरसाला काटकोनात जोडला की 'एल'. आणि दोन-दोनच्या रांगा एक घर सरकवून ठेवल्या की 'एस'. मात्र 'एल' आणि 'एस' यांची आरशातील प्रतिबिंबे मूळ आकृतीशी जुळत नाहीत. उजव्या हाताचा मोजा कितीही फिरवला तरी डाव्या हाताला नीट बसत नाही, तसेच हे. खेळात ठोकळा फिरवता येतो, पण उलटा करता येत नाही. म्हणून 'जे' आणि 'झेड' हे दोन वेगळे धरावे लागतात आणि पाचांचे सात होतात.

या साध्या आकृत्यांत गंमत किती आहे पाहा. मूळ पाच तुकड्यांचे मिळून वीस चौरस होतात. तेव्हा त्यांतून चार गुणिले पाचचा आयत सहज जुळावा, असे वाटते. तो कधीच जुळत नाही. आयत बुद्धिबळाच्या पटासारखा रंगवला, तर दहा घरे काळी व दहा पांढरी होतात. चार तुकडे प्रत्येकी दोन काळी आणि दोन पांढरी घरे व्यापतात. एकटा 'टी' मात्र एका रंगाची तीन व दुसऱ्याचे एक घर घेतो. हिशेब अकरा आणि नऊवर येतो आणि आयत अपुरा राहतो.

१९८४ साली मॉस्को येथील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी पाच चौरसांच्या तुकड्यांच्या कोड्यावरून स्फूर्ती घेऊन हा खेळ रचला. पाच चौरसांचे तुकडे बारा होतात. ते सांभाळणे अवघड, म्हणून त्यांनी चार चौरसांवर भागवले. त्यांच्या 'इलेक्ट्रोनिका ६०' संगणकाला चित्र काढता येत नव्हते. तेव्हा कळफलकावरील कंसाची चिन्हे जोडून त्यांनी चौरस उभे केले. ग्रीक 'टेट्रा' म्हणजे चार आणि त्यांचा आवडता खेळ टेनिस, यांच्या संधीतून 'टेट्रिस' हे नाव आले. हक्क सरकारकडे असल्यामुळे जगभर खपलेल्या या खेळाचे मानधन त्यांना १९९६पर्यंत मिळाले नाही.

खेळाचे मैदान दहा घरे रुंद आणि वीस घरे उंच. यात अखेरचा विजय असा नसतोच. हेडी बर्गिएल या गणितज्ञ विदुषीने १९९७ साली सिद्ध केले, की 'एस' आणि 'झेड' हे दोनच तुकडे आलटून पालटून येत राहिले, तर सत्तर हजार तुकडे पडण्यापूर्वी कोणताही खेळाडू हरतोच. खेळ अनिवार होतो तो कदाचित याचमुळे: समाधान मिळते ते ओळीपुरते आणि पुढचा ठोकळा तोवर निघालेला असतो.

मेंदूच्या अभ्यासकांचे लक्ष या खेळाकडे गेले, ते त्यात सतत कराव्या लागणाऱ्या मनातल्या फिरवाफिरवीमुळे. १९७१ साली शेपर्ड आणि मेट्झलर यांनी दाखवले होते, की दोन आकृत्या सारख्या आहेत का हे ठरवायला लागणारा वेळ त्यांच्यातील कोनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे मनुष्य मनातले चित्र खरोखर फिरवून पाहतो. क्ष-किरण चित्र वाचताना आपणही हेच करतो. १९९४ साली कर्श आणि मॅग्लिओ यांना टेट्रिसच्या खेळाडूंत आणखी एक गोष्ट आढळली: तुकडा मनात फिरवण्याऐवजी ते बटण दाबून पडद्यावरच फिरवून पाहतात, कारण त्यात वेळ वाचतो. आणि १९९२ साली रिचर्ड हायर व सहकाऱ्यांनी पेट स्कॅनच्या साहाय्याने दाखवले, की काही आठवड्यांच्या सरावानंतर गुण कित्येक पटींनी वाढले, तरी मेंदूचा ग्लुकोजचा वापर मात्र कमी झाला. सरावलेला हात शक्ती कमी वापरतो, हे शल्यचिकित्सकांना नव्याने सांगायला नको.

खरे आश्चर्य २००० साली प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांच्या प्रयोगात आहे. २७ जणांना तीन दिवसांत सुमारे सात तास टेट्रिस खेळायला लावले आणि झोप लागता लागता काय दिसते, ते विचारले. सतरा जणांना पडणारे ठोकळे दिसले. या २७ जणांत मेंदूच्या शंखखंडाच्या आतील भागास इजा झालेले पाच स्मृतिभ्रंशाचे रुग्ण होते. आदल्या दिवशी खेळल्याचे ज्यांना आठवतही नव्हते, अशा या पाचांपैकी तिघांनाही तेच ठोकळे दिसले! म्हणजे 'काय घडले' याची आठवण आणि 'काय पाहिले' याचे चित्र या दोन गोष्टी मेंदूत वेगळ्या वाटांनी जातात. त्या तरुणाचा ट्रक मला येथे प्रथम नीट कळला.

मग चित्राची वाट चित्रानेच अडवता येईल काय? ऑक्सफर्ड येथे एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली निरोगी स्वयंसेवकांना आघाताची दृश्ये असलेली चित्रफीत दाखवून अर्ध्या तासाने काहींना दहा मिनिटे टेट्रिस दिला. त्यांना पुढील आठवड्यात ती दृश्ये अवचित कमी वेळा आठवली. घटनेची माहिती मात्र त्यांना इतरांइतकीच होती. २०१७ साली याच दिशेचा प्रयोग प्रत्यक्ष रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात झाला. रस्ते अपघातातून वाचलेल्या ७१ जणांपैकी काहींना सहा तासांच्या आत अपघाताचे सर्वांत वाईट क्षण थोडक्यात आठवायला सांगून, नंतर तुकडे मनात फिरवत टेट्रिस खेळायला दिला. पहिल्या आठवड्यात त्यांच्या मनात घुसणारी दृश्ये इतरांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होती.

येथे सावध राहणे आवश्यक आहे. महिन्याअखेरीच्या मोजमापांत दोन गटांत ठळक फरक उरला नव्हता आणि ७१ ही संख्या लहानच. उत्साहाचे पुढे काय होते, याचे उदाहरणही याच खेळात आहे. २०१३ साली 'आळशी डोळा' असलेल्या १८ प्रौढांवरील प्रयोगात, दोन डोळ्यांना वेगवेगळे तुकडे दाखवणाऱ्या टेट्रिसमुळे दृष्टी सुधारली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ११५ रुग्णांच्या घरगुती चाचणीत मात्र तसा खेळ नुसत्या दिखाऊ खेळाहून सरस ठरला नाही. तेव्हा अपघातग्रस्ताच्या हाती मोबाइल देऊन मोकळे होणे हा उपचार नव्हे. दृश्ये महिनाभराहून अधिक छळत राहिली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणे हाच योग्य मार्ग आहे. आणि मी त्या तरुणाला दिलेल्या गोळीविषयीही सांगितले पाहिजे: आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात प्रौढांना झोपेसाठी बेंझोडायझेपिन गटातील औषधे देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली मार्गदर्शनच केले आहे.

माझ्या व्यवसायात यामुळे एक लहानसा बदल झाला. अपघाताचा रुग्ण समोर आला की बोटे हलतात का, सूज उतरली का, या प्रश्नांबरोबर मी आता आणखी एक प्रश्न विचारतो: डोळे मिटल्यावर काही दिसते का? बहुतेक जण 'नाही' म्हणतात. काही जण क्षणभर गप्प राहतात आणि मग खुर्ची जवळ ओढून बसतात. त्या तरुणाला मी हे विचारले नव्हते. निघता निघता दाराशी थांबून त्यालाच ते सांगावे लागले.