आग लावणारे राखणदार

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडच्या पठारावर पाऊस उघडला, गवत वाळायला लागलं, की हेलिकॉप्टरं घिरट्या घालू लागतात. हेलिकॉप्टरच्या दाराशी एक यंत्र बसवलेलं असतं आणि त्याच्या शेजारी बसलेला रेंजर त्यात प्लॅस्टिकच्या छोट्या गोळ्या ओतत असतो. गोळीच्या पोटात पोटॅशियम परमँगनेट असतं. आपल्याकडे विहिरीचं पाणी शुद्ध करायला टाकायचे तेच जांभळं औषध. यंत्रातली सुई प्रत्येक गोळीला टोचते, आत ग्लायकॉलचे थेंब सोडते आणि गोळी खाली ढकलून देते. ग्लायकॉल म्हणजे मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात तो द्रव. हे दोन्ही एकेकटे पेटत नाहीत, पण एकत्र आले की थोड्या वेळात आपोआप पेटतात. गोळी गवतात पडून स्थिरावते, मग धुराची बारीक रेघ उठते, मग ज्वाळा. हेलिकॉप्टर तोवर पुढच्या घळीवर पोचलेलं असतं.

हे काम करणारे लोक जंगलाचे राखणदार आहेत. वार्डेकेन लँड मॅनेजमेंट ही त्यांची संस्था. ती तिथल्या आदिवासी जमीनमालकांच्याच मालकीची आहे, नफ्यासाठी चालत नाही, आणि तिचे रेंजर सरकारी वनखात्याचे नोकर नाहीत. जे राखतात ते त्यांच्या आजोबा-पणजोबांचं रान आहे. ते राखायचं तर दरवर्षी पेटवलंच पाहिजे, असं ते मानतात. वणवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सह्याद्रीतले करपलेले डोंगर येतात, त्यामुळे हे पचायला जड जातं. पण आपलं वनखातंही उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतंच आणि कोकणातला शेतकरी राब भाजतोच. आर्नहेम लँडमध्ये हीच गोष्ट हजारो चौरस किलोमीटरवर, हिशेबाने आणि बारकाईने केली जाते.

मुलूख दगडाचा आहे. वालुकाश्माचं प्रचंड पठार, कडे काही ठिकाणी दोन-तीनशे मीटर उंच, आणि पठाराला आरपार चिरत गेलेल्या घळी. ईस्ट ॲलिगेटर, लिव्हरपूल, मान, कॅथरिन या नद्या इथेच उगम पावतात. पावसाळ्यात, म्हणजे आपल्या डिसेंबर ते मार्चमध्ये, कातळ पाणी पितो आणि वर्षभर झऱ्यांतून थोडं थोडं सोडत राहतो. या झऱ्यांच्या कडेला आणि घळींत आनबिनिकची गर्द बनं आहेत. हा वृक्ष जगात दुसरीकडे कुठेही नाही. कांगारूच्या जातीचा काळा वॉलरू, ओएनपेली अजगर, पांढऱ्या गळ्याचा ग्रासरेन पक्षी ही सगळी मंडळीही या पठारापुरतीच. वार्डेकेनच्या ताब्यातलं राखीव क्षेत्र जवळपास 14 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण आपल्या गडचिरोली जिल्ह्याएवढं. त्यात वस्त्या मात्र हातावर मोजण्याइतक्या. काबुलवार्नाम्यो, मानमोयी, मामाडवेरे ही रेंजरांची तीन ठाणी.

इथले बिनिंज लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात. वाऱ्यापावसाने उंच गवत आडवं पाडणारा बांगकेरेंग संपला की येक्के येतो. तो थंड असतो, सकाळी धुकं, रात्री दव. आग लावायची ती याच दिवसांत सुरू होते. गवत वरून वाळलेलं आणि बुडाशी ओलं असतं. सकाळी लावलेली आग दिवसभर रेंगाळत, एखादा ओढा किंवा दगडांची ओळ आडवी आली की थबकत पुढे सरकते आणि रात्री दव पडलं की विझते. झाडांचे शेंडे शाबूत राहतात. मागे राहते ती जळक्या आणि हिरव्या तुकड्यांची गोधडी. पुढे ऑगस्टपासून कुर्रुंग हा कडक उन्हाचा ऋतू लागतो. तेव्हा पडलेली ठिणगी वेगळीच. वारा, कोरडं गवत, उष्ण रात्री. अशी आग आठवडेच्या आठवडे चालते, आनबिनिकच्या बनांत घुसते आणि जुनी झाडं उभी जाळते. त्यातच पावसाच्या तोंडावर कुनुमेलेंगमध्ये विजा पडू लागतात. आधीच गोधडी तयार असेल तर या आगीला पुढे जायला वाट मिळत नाही. आग विझवण्याचं बहुतेक काम असं तीन-चार महिने आधीच उरकलेलं असतं.

हे ज्ञान तिथे पूर्वापार होतं. बिघडलं ते माणसं गेल्यामुळे. विसाव्या शतकात मिशनची तंबाखू-पीठ-साखर, म्हशींच्या शिकारीच्या छावण्या, खाणी आणि रोगराई यांनी पठारावरची कुटुंबं एकेक करून खाली ओढली. 1925 साली ओएनपेलीला, आताच्या गुनबालान्याला, मिशन उभं राहिलं. शतक अर्ध्यावर येईतो पठार जवळपास ओस पडलं. नकाशावर ते 'निर्मनुष्य' आणि म्हणून 'अस्पर्श' दिसत होतं. प्रत्यक्षात कोणी न पेटवलेलं गवत साठत गेलं आणि दर काही वर्षांनी कुर्रुंगमधल्या राक्षसी आगी पठार होरपळून काढू लागल्या. जंगल वाचवायला माणूस हलवावा लागतो, या समजुतीवर आपण मेळघाटात आणि ताडोब्यात गावं उठवली आहेत. तिथली परिस्थिती वेगळी, वाघ वेगळा, हे मान्य. तरी आर्नहेम लँडचा अनुभव त्या समजुतीच्या नेमका उलटा आहे, आणि आपल्याकडच्या चर्चेत तो फारसा येत नाही.

परत जाण्याचा ध्यास घेतलेल्यांत बार्दायाल 'लॉफ्टी' नाजामेरेक हे नाव पहिलं. 1926 च्या आसपास जन्मलेला हा माणूस लहानपणी आपल्या माणसांबरोबर सगळं पठार पायी फिरला होता. पुढे झाडाच्या सालीवरच्या चित्रांनी तो जगभर गाजला, ऑस्ट्रेलिया सरकारने त्याला 2004 साली सन्मान दिला, पण त्याचं मन कातळावरच होतं. कपारींच्या भिंतींवर स्वतःच्या हाताने चित्रं काढलेल्या अखेरच्या चित्रकारांपैकी तो एक. 1976 च्या जमीनहक्क कायद्याने मालकी आदिवासींकडे आली होती, आणि सत्तरच्या दशकापासून काही कुटुंबं परतूही लागली होती. 2002 मध्ये उतारवयात लॉफ्टी काबुलवार्नाम्योला जाऊन राहिला. लाकडी चौथऱ्यावर ताडपत्रीचं छप्पर, एवढंच घर. मानववंशशास्त्राची पार्श्वभूमी असलेले पीटर कुक, आग आणि गवताळ रानांचे अभ्यासक जेरेमी रसेल-स्मिथ आणि बिनिंजांपैकीच असलेले दीन यिबारबुक अशी मंडळी त्याच्याभोवती जमली. कुठल्या घळीत केव्हा आणि कोणत्या वाऱ्यावर पेटवायचं हे म्हातारा सांगे, शास्त्रज्ञ उपग्रहांच्या चित्रांवरून जळालेलं क्षेत्र मोजत. 2009 च्या सप्टेंबरात वार्डेकेनचं क्षेत्र आदिवासी संरक्षित प्रदेश म्हणून जाहीर झालं आणि पुढच्याच महिन्यात लॉफ्टी गेला. रिवाजाप्रमाणे काही काळ त्याचं नाव उच्चारायचं नव्हतं, म्हणून त्या काळातल्या कागदांत तो 'वामुद नामोक' या नावाने येतो.

पैशाचं काय, हा प्रश्न कुठल्याही राखणीत शेवटी येतोच. इथे तो ज्या वाटेने सुटला ती वाट मला अजून पुरती पटलेली नाही, पण तिची करामत मान्य करावी लागते. डार्विनमध्ये कोनोकोफिलिप्स कंपनी नैसर्गिक वायू द्रवरूप करण्याचा कारखाना उभारत होती आणि प्रदूषणाची काही भरपाई करण्याचं तिच्यावर बंधन होतं. गवताच्या रानात आग लागली की बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड पुढच्या पावसात उगवणारं गवत परत शोषून घेतं, म्हणून तो हिशेबात धरत नाहीत. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र असे परत शोषले जात नाहीत. कुर्रुंगमधल्या मोठ्या आगी कमी झाल्या, त्यांच्या जागी येक्केतल्या छोट्या आगी आल्या, तर हे दोन वायू कमी निघतात. आणि किती कमी, हे उपग्रहाच्या नोंदींवरून मोजता येतं. 2006 साली करार झाला. 28 हजार चौरस किलोमीटरवर आदिवासी रेंजरांच्या पाच गटांनी दरवर्षी एक लाख टन कार्बन डायऑक्साइडइतके वायू वाचवायचे, आणि त्याबदली कंपनीने 17 वर्षं दरसाल सुमारे दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायचे. पहिल्या सात वर्षांत उत्सर्जन आधीच्या दशकाच्या तुलनेत सरासरी 38 टक्क्यांच्या आसपास घटलं, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्तच. 2012 मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने या मोजणीची पद्धत अधिकृत केली आणि उत्तरेतल्या इतर गटांनाही कार्बन क्रेडिट विकून रान सांभाळण्याची वाट मोकळी झाली.

म्हणजे ज्या वायूच्या धंद्यामुळे हवा तापते, त्याच धंद्याच्या पैशावर तापलेल्या रानाची राखण. यातला विरोधाभास रेंजरांना कोणी समजावून सांगायची गरज नाही. पण शासकीय अनुदान दरवर्षी कोणाच्या तरी मर्जीवर लटकत असतं आणि हा पैसा मोजलेल्या कामाचा असतो. माझी शंका वेगळी आहे. बाजार टन मोजतो. हेलिकॉप्टरमधून गोळ्या टाकून दिवसात जितकं क्षेत्र पेटवता येतं तितकं पायी महिन्यातही होत नाही. मग पायी जायचंच कशाला?

वार्डेकेनने पायी जाणं सोडलेलं नाही, आणि याचं श्रेय त्यांच्या नात्यागोत्याच्या रचनेला द्यावं लागेल. जमीन बापाकडून येणाऱ्या कुळाची असते. पण त्या जमिनीवर काय करायचं, कुठे पेटवायचं, कोणती जागा टाळायची, यावर देखरेख करायचा अधिकार असतो तो 'जुंगकाय'चा, म्हणजे त्या कुळातल्या बाईच्या मुलांचा. आपल्याकडे आजोळी भाच्याचे लाड होतात. इथे भाच्याला आजोळच्या रानाची जबाबदारी मिळते. मालक म्हणतो म्हणून झालं असं होत नाही, भाच्याने होकार द्यावा लागतो. त्यामुळे हेलिकॉप्टर उडण्याआधी नकाशे पसरून लांबलचक बैठका होतात. कोरड्या ऋतूत अख्खी कुटुंबं, पोरं-म्हातारी धरून, जुन्या वाटांनी पठारावर पायी निघतात. चालता चालता गवत पेटवतात, मुक्काम करतात, म्हातारे कपारींतल्या चित्रांची नावं सांगतात.

आणि एवढं करूनही कुर्रुंगमध्ये आग लागली तर? तिथे पाण्याचा बंब पोचत नाही, रस्ताच नाही. हेलिकॉप्टर रेंजरांना कातळावर उतरवतं आणि त्यांच्या पाठीवर असतं शहरात बागेतला पाचोळा उडवायला वापरतात ते पेट्रोलवर चालणारं फुंकणीचं यंत्र. एक माणूस पुढे चालत त्या यंत्राच्या झोताने पानं-काडी बाजूला सारून हातभर रुंदीची उघडी माती काढत जातो, मागून दुसरा फावड्या-दाताळ्याने ती रेघ साफ करतो. झोत नीट धरला तर बुटक्या ज्वाळा उलट्याही फिरवता येतात. चाळीस अंशांच्या उन्हात, पाठीवर तापलेलं इंजिन घेऊन, रात्रीपर्यंत. या कामाचं छायाचित्र कार्बनच्या अहवालांत छान दिसतं. ते करणाऱ्याचं जे होतं ते अहवालात मावत नाही.

आग हा कामाचा मोठा भाग, सगळा नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी आग्नेय आशियातून आणलेल्या म्हशी इथे मोकाट झाल्या. त्या दलदलीत लोळणाऱ्या जातीच्या आहेत, आपल्या मुऱ्हा-पंढरपुरीसारख्या नव्हेत. एक कळप झऱ्यात आठवडाभर बसला तर झरा चिखलाचा खड्डा होतो, काठची झाडं उन्मळतात, खाली नदी गढूळ होते. म्हणून रेंजर त्या मारतात, शक्य तेव्हा मांस वस्त्यांवर वाटतात. गाईंना चारा म्हणून आफ्रिकेतून आणलेलं गांबा गवत उत्तर ऑस्ट्रेलियात पसरतंय. ते माणसाच्या दुप्पट उंच वाढतं आणि देशी गवताच्या कितीतरी पट आचेने जळतं. ते पठारावर स्थिरावलं तर येक्केतली सौम्य आगही सौम्य राहणार नाही, म्हणून एखादा ठोंब दिसला तरी तो लगेच उपटतात.

सगळं सुधारलं आहे असं मात्र नाही. झाडावर राहणारे मोठे उंदीर, क्वॉल यांसारखे छोटे सस्तन प्राणी पूर्वी सहज दिसत, आता रेंजरांनी रानभर लावलेल्या कॅमेऱ्यांत ते क्वचित सापडतात. रानमांजरं त्यांना खातात. उसावरची कीड खायला म्हणून 1935 मध्ये क्वीन्सलँडला आणलेला विषारी भेक इथवर पोचलाय, आणि त्याला खाऊन क्वॉल मरतो. पांढऱ्या गळ्याच्या ग्रासरेनला तर काही वर्षं न जळलेलं काटेरी गवत लागतं. म्हणजे येक्केत पेटवतानाही काही तुकडे मुद्दाम राखावे लागतात. टन मोजणाऱ्या हिशेबात या पक्ष्याला जागा नाही. त्याचे तुकडे कुठे आहेत ते रेंजर स्वतः शोधतात आणि नकाशावर राखून ठेवतात.

सगळ्यात अवघड अडचण मात्र रानातली नव्हतीच. तरुण जोडपी रेंजर व्हायला तयार असत, पण मुलं शाळेत जायच्या वयाची झाली की गुनबालान्याला निघून जात. तिथे जायचा कच्चा रस्ता कोरड्या दिवसांतही कित्येक तासांचा, पावसाळ्यात तर बंदच. मग 2015 मध्ये काबुलवार्नाम्योला लोकांनीच शाळा सुरू केली, नवार्डेकेन अकॅडमी. पैसा देणग्यांतून उभा राहिला. शिकवणं बिनिंजांच्या कुनविंज्कू भाषेत आणि इंग्रजीत. पुढे तिला स्वतंत्र शाळा म्हणून मान्यता मिळाली आणि मामाडवेरे, मानमोयीलाही वर्ग सुरू झाले. मुलं आता आई-बापांसोबत पठारावरच्या पायपिटीला जातात आणि ती अभ्यासक्रमाचाच भाग धरली जाते. पाठोपाठ बायकांचे रेंजर गटही उभे राहिले. मुलं शाळेत असताना आयांना कामावर जाता येऊ लागलं. पावसाळ्यात शाळेचं सामान आणि शिक्षक छोट्या विमानाने येतात, आणि धावपट्टीवरचं गवत कापायचं काम पुन्हा रेंजरांकडेच असतं.