गहुंज्याचे १८ आणि ८१

ऐका रे पोरांनो. १५ जानेवारी २०१७, रविवार. देहूरोडच्या पुढे, एक्स्प्रेस वेच्या कडेला गहुंज्याचं मैदान आहे ना, तिथे इंग्लंडने ३५० धावा ठोकल्या होत्या. आपले ४ गडी ६३ धावांतच तंबूत परतले. आता काही खरं नाही, असं वाटत असताना दोघं उभे राहिले आणि त्यांनी २०० धावांची भागी केली. विराट कोहलीने १२२ काढल्या आणि आपल्या पुण्याच्या केदार जाधवने अवघ्या ७६ चेंडूंत १२०. ११ चेंडू राखून आपण सामना मारला.

विराटच्या पाठीवर आकडा होता १८ आणि केदारच्या पाठीवर ८१. आकडे तेच, जागा तेवढ्या उलट. मग सांगा, पार वरच्या रांगेत बसलेल्या माणसाने त्या दोघांना कशावरून ओळखलं असेल? तोंडावरून? छे!

आपल्या डोळ्याचा एक हिशेब असतो. वर्तुळाचे अंश ३६०. एका अंशाचे ६० भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे एक कला. दोन रेघांमध्ये साधारण एका कलेचं अंतर असेल, तर निरोगी डोळ्याला त्या वेगळ्या दिसतात. त्याहून जवळ आल्या की मिसळून जातात. असं का? डोळ्याच्या आत, दृष्टिपटलाच्या मधोमध, शंकुपेशी मक्याच्या कणसावरच्या दाण्यांसारख्या खेटून बसलेल्या असतात. दोन रेघा वेगळ्या कळायच्या, तर त्यांचा उजेड झेलणाऱ्या दोन रांगांच्या मध्ये वेगळा उजेड झेलणारी एक तरी रांग हवी. ती नसेल, तर मेंदूला दोनाची एकच रेघ कळते.

आता मैदानावर या. ८० मीटरवर एक कला म्हणजे सुमारे २.३ सेंटिमीटर. माणसाचा अख्खा डोळा जेमतेम ३ सेंटिमीटर रुंद. म्हणजे नाक, डोळे, मिशा सगळं पुसट. पण पाठीवरचा आकडा २० सेंटिमीटर उंच असेल आणि त्याची रेघ ४ सेंटिमीटर जाड असेल, तर तो सव्वाशे मीटरवरूनही वाचता येतो. फक्त उजेड हवा आणि कापडाच्या रंगावर आकडा उठून दिसायला हवा. डोळ्यांच्या दवाखान्यातला अक्षरांचा तक्ताही याच हिशेबाने बनवतात : अक्षर पाच कलांचं, रेघ एका कलेची.

“पण आजोबा, आकडे नव्हते तेव्हा?”

तेव्हा चालीवरून ओळखायचे. हालचाल ओळखण्यात आपला मेंदू भलताच तरबेज. चेहरा दिसत नसला, तरी लांबून येणारा बाबा तुम्ही चालीवरून ओळखताच की! इंग्लंडमध्ये फुटबॉलवाल्यांनी २५ ऑगस्ट १९२८ला लीगच्या सामन्यांत पाठीवर आकडे लावून पाहिले. क्रिकेटला फार उशिरा जाग आली. विश्वचषकात आकडे आले १९९९ साली आणि कसोटीत थेट १ ऑगस्ट २०१९ला, बर्मिंगहॅममध्ये. आपल्या थेरगावात ज्यांच्या नावाची अकादमी आहे, ते दिलीप वेंगसरकर ११६ कसोट्या खेळले, पण एकाही कसोटीत त्यांच्या पाठीवर आकडा नव्हता. त्याच अकादमीत शिकलेला सांगवीचा ऋतुराज गायकवाड मात्र ३१ आकडा घालून खेळतो. त्याचा जन्म ३१ जानेवारी १९९७चा.

डोळ्याने आकडा वाचला, की मेंदूचं काम सुरू होतं. मेंदू काही नुसता वाचून गप्प बसत नाही. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या लदन शम्स यांनी २०२३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अंगापिंडाने सारख्याच खेळाडूंची चित्रं, फक्त जर्सीवरचे आकडे वेगळे. १० ते १९मधला आकडा असलेला खेळाडू लोकांना ८०च्या घरातल्या खेळाडूपेक्षा सडपातळ वाटला. आकड्याने कापडावर व्यापलेल्या जागेमुळे हे होत नसेल ना, म्हणून त्यांनी तेच आकडे उलटसुलट करूनही पाहिलं. फरक थोडा कमी झाला, पण गेला नाही. जन्मभर आपण मोठा आकडा पाहतो तो जड पोत्यावर, मोठ्या मापाच्या कपड्यावर. ती सवय मेंदू पाहतानाही सोडत नाही.

अशाच सवयीने १० म्हटलं की सचिन. २०१७ साली पालघरचा शार्दूल ठाकूर श्रीलंकेत १० आकडा घालून उतरला, तर लोक केवढे खवळले! पुढे त्याने ५४ घेतला. त्या १०मध्ये शाई तेवढीच होती, बाकी सगळं बघणाऱ्यांच्या डोक्यात होतं.

आता तुमचं काम. पुठ्ठ्यावर २० सेंटिमीटर उंचीचे इंग्रजी आकडे काळ्या रंगाने काढा आणि शाळेच्या मैदानावर मागे मागे सरकत जा. तीन, सहा, आठ आणि नऊ यांची गफलत आधी होईल, कारण त्यांच्यातल्या फटी बारीक असतात. एक सगळ्यात शेवटपर्यंत ओळखू येईल. प्रत्येकाला किती मीटरपर्यंत वाचता आलं, ते टेपने मोजून वहीत लिहा. आणि ज्याला इतरांपेक्षा फारच जवळून वाचावं लागेल, त्याने घरी सांगून आधी डोळे तपासून घ्यावेत.