लंडनचं वार्तापत्र : दिसणाऱ्या शिरा, दुखणाऱ्या शिरा

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या लेखी पायाच्या फुगलेल्या शिरा दोन प्रकारच्या असतात : दिसणाऱ्या आणि दुखणाऱ्या. नुसत्या निळ्या-हिरव्या दिसत असतील तर एनएचएस हात वर करते. शोभेसाठी करदात्याचा पैसा नाही. पाय ठणकतो, सुजतो, घोट्याजवळची कातडी काळवंडते, मग दार उघडतं. तेही थेट नाही. आधी जीपी, म्हणजे ज्याच्याकडे आपलं नाव नोंदलेलं असतं तो डॉक्टर. त्याच्या चिठ्ठीशिवाय एनएचएसच्या सर्जनचं दर्शन नाही. सकाळी फोन करून संध्याकाळी स्पेशालिस्टकडे जाऊन बसणाऱ्या पुणेकराला हे पचायला वेळ लागतो.

कोणते उपचार करावेत हे सुचवणाऱ्या 'नाइस' या संस्थेने जुलै २०१३ मध्ये क्रम लावून दिला. आधी उष्णतेने शीर बंद करणं, ते जमत नसेल तर फेसाचं इंजेक्शन, आणि शीर ओढून काढण्याचं जुनं ऑपरेशन सगळ्यांत शेवटी. उपचार शक्य असताना घट्ट मोजे देऊन बोळवण करू नका, असंही बजावलं.

आमच्या शेजारीणबाईंचं केस कापण्याचं दुकान. उभं राहण्यातच जन्म गेला. त्यांच्या पायावर यातला पहिला, उष्णतेचा उपचार नुकताच झाला. गुडघ्याजवळ सुईच्या भोकातून बारीक नळी शिरेत घालून, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत ती जांघेपर्यंत नेली. मग शिरेच्या कडेकडेने भुलीचं औषध मिसळलेलं मिठाचं पाणी टोचत गेले. बाईंच्या मते सगळ्यांत वाईट भाग हाच. पण तेच पाणी आजूबाजूची कातडी आणि नसा भाजू देत नाही. नंतर रेडिओलहरींनी नळीचं टोक १२० अंशांवर तापतं, २० सेकंदांत ७ सेंटिमीटर शीर आतून आक्रसते. नळी मागे ओढायची, पुन्हा २० सेकंद. ही शीर बंद झाली तरी रक्ताला वाहायला खोलवरच्या शिरा आहेतच. बाई त्याच दिवशी चालत घरी आल्या. नर्सची ताकीद एकच : लोळत पडू नका.

२०१८ मध्ये इथल्या २० रुग्णालयांतल्या ४५० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. सगळ्यांच्या पायाला बिघडलेल्या शिरांमुळे झालेला, न भरणारा व्रण, सगळ्यांना घट्ट पट्ट्या. ज्यांची शीर लगेच बंद केली, त्यांतल्या निम्म्यांचे व्रण ५६ दिवसांत भरले. ज्यांना थांबवलं, त्यांना तेवढ्यासाठी ८२ दिवस लागले. म्हणजे वाट बघायला लावण्यात शहाणपण नाही, आणि काटकसर तर नाहीच. महिनोन्‌महिने ड्रेसिंग करणाऱ्या नर्सचा पगारही सरकारच देतं.

तरी घोडं अडतं. नाइसची ही मार्गदर्शिका बंधनकारक नाही, आणि तिजोरीच्या किल्ल्या स्थानिक आरोग्य मंडळांकडे. कुठे पाय ठणकला तरी पुरतं, कुठे शिरेतून रक्त वाहावं लागतं किंवा व्रण व्हावा लागतो. शेजारीणबाईंच्या बहिणीचा पायही तसाच सुजतो. ती पलीकडच्या परगण्यात राहते. तिला मोज्यांचा जोड मिळालाय.