टीव्हीची वाढीव वॉरंटी : घ्यावी की नाही?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दसऱ्याच्या आदल्या रविवारी आम्ही दोघं टीव्ही घ्यायला निघालो, तेव्हा माझ्या पर्समध्ये शाळेच्या अर्धवेळ नोकरीतून बाजूला टाकलेले अठरा हजार रुपये होते. बाकीचे ह्यांचे. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरापासून दुकान पायी जाण्याइतकं जवळ. ४३ इंची संच पसंत पडला, बत्तीस हजारांना ठरला, आणि तेवढ्यात काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी टाकतो. फक्त ३,४९९. उद्या पॅनल गेलं तर केवढ्याला पडेल, विचार करा!"

ह्यांनी खिशातून पेन काढलंसुद्धा. मी म्हटलं, "आधी अटींचा कागद दाखवा." कागद नव्हता, रंगीत पत्रक तेवढं होतं. "अटी नंतर मेलवर येतील," म्हणे! मैत्रिणींनो, साडी घेतानाही आपण पदर उलगडून बघतो. मग न वाचलेल्या कागदाचे साडेतीन हजार कसे द्यायचे? मी एक दिवस मागून घेतला.

त्या रात्री थोरल्या जाऊबाईंना फोन केला. त्यांनी मागे अशीच वॉरंटी घेतली होती. वळवाच्या पावसात वीज गेली-आली आणि टीव्ही बंद पडला. मेकॅनिक आला, बोर्ड पाहिला आणि म्हणाला, "हाय व्होल्टेजनं जळलाय, हे वॉरंटीत बसत नाही." वाढीव वॉरंटी बहुधा संचातल्या दोषापुरती असते. विजेचा दाब, वीज पडणं, पाणी, मुलाच्या चेंडूनं फुटलेली काच, हे सारं अनेकदा वगळलेलं असतं. आणि आपल्या घरात टीव्हीला भीती असते ती नेमकी ह्यांचीच!

मग मी वही घेऊन बसले. ३,४९९ म्हणजे किमतीच्या जवळजवळ अकरा टक्के. कंपनीची एक वर्षाची वॉरंटी होतीच; म्हणजे आज दिलेले पैसे कामाला येणार ते दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी. कारखान्यातला दोष असला तर तो बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांतच उघड होतो, आणि झीज होते ती पुढे, संच जुना झाल्यावर. मधली वर्षं त्यामानानं सुखाची. शिवाय ह्या रकमेतून दुरुस्तीचा खर्च, दुकानाचं कमिशन आणि नफा, सगळंच निघायचं. म्हणजे सर्व गिऱ्हाइकांचा हिशेब केला तर आपण देतो जास्त, परत मिळतं कमी.

हमी देणारा कोण, हेही पाहावं. कधी टीव्हीची कंपनी असते, कधी दुकान, कधी तिसरीच कोणी. आपल्या जिल्ह्यात, पैठण रस्त्यावरच्या चितेगावला, व्हिडिओकॉनचे टीव्ही तयार होत. घरोघरी ते नाव होतं. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मोठ्या नावांचंही असं होतं. मग कालच्या पत्रकावरच्या नावाचा भरवसा किती?

म्हणून सही करण्यापूर्वी एवढं विचारा :

हमी कोणाची? सर्व्हिस सेंटर शहरात आहे का? पॅनल धरलंय का? विजेच्या दाबाचं नुकसान धरलंय का? सुट्या भागांचे आणि मेकॅनिकच्या फेरीचे पैसे वेगळे का? संच दुरुस्तच झाला नाही तर पैसे मिळणार की दुसरा संच? उत्तरं लेखी घ्या आणि बिलाला टाचून ठेवा.

"वॉरंटी घेतली तरच टीव्ही" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. अशी सक्ती २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याला धरून नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

मग वॉरंटी कधीच घेऊ नये का? तसं नाही. संच खूप मोठा, महागाचा असेल, पॅनलचा खर्च एकदम झेपणार नसेल आणि हमी खुद्द कंपनीची, पॅनलसकट असेल, तर जरूर विचार करा. रात्रीची झोप हीसुद्धा एक किंमत आहे.

आम्ही घेतली नाही. चांगला स्पाइक गार्ड आणला, आणि ३,४९९ रुपये एका डब्यात घालून वर "टीव्ही" अशी चिठ्ठी चिकटवली. हे हसले. गेल्या पावसाळ्यात आवाज येई पण चित्र दिसेना. ह्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की विचारू नका! मेकॅनिक म्हणाला, आतले दिवे गेलेत. दोन हजार सहाशे झाले. डब्यातून काढून दिले.

पॅनल गेलं असतं तर मी हरले असते, हे कबूल. पण वॉरंटी घेतली असती तर ३,४९९ पूर्ण गेले असते. आता त्यातले ८९९ डब्यात आहेत. चिठ्ठी तेवढी बदलली. आता तिच्यावर "मिक्सर" लिहिलंय.